न फुटलेली अंडी

गेल्या काही वर्षांत आमच्या भागातील घरांच्या गॅलऱ्यांत पिंजरे दिसू लागले आहेत. पूर्वी अंगणात कोंबड्या असत, गोठ्यात एखादी म्हैस असे. आता वाड्या जाऊन इमारती आल्या, अंगण गेले. परंतु मुक्या जिवाच्या सहवासाची माणसाची ओढ काही गेली नाही. ती आता चौथ्या मजल्यावरच्या दीड हात पिंजऱ्यात भागते. आपल्याकडचे पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. म्हणून लोक मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून किंवा जवळच्या दुकानातून परदेशी वंशाचे लहान, रंगीत पक्षी आणतात. दुकानदार त्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतो. वास्तविक लव्हबर्ड हा आफ्रिकेतला निराळा पक्षी. आपल्याकडे या नावाने विकले जातात ते बहुधा ‘बजरीगर’ असतात. त्यांचे मूळ घर ऑस्ट्रेलियाचा कोरडा अंतर्भाग. जॉन गूल्ड या पक्षीशास्त्रज्ञाने १८४० साली ते जिवंत इंग्लंडला आणले, आणि तेथून पिंजऱ्यापिंजऱ्यांतून त्यांनी सारे जग पाहिले.

घरभेटींच्या वेळी या पिंजऱ्यापाशी माझी पावले थबकतात, आणि मग एक प्रश्न हमखास येतो : “फादर, अंडी तर घालतात, पण पिल्ले का निघत नाहीत?”

मी धर्मगुरू, पक्षीवैद्य नव्हे. तरीही हा प्रश्न मला परका वाटत नाही. लहानपणी आमची आई खुडूक कोंबडीला टोपलीत भाताच्या पेंढ्यावर बसवी. सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत, कौलाच्या फटीतून येणाऱ्या कवडशात ती एकेक अंडे धरी. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे पुन्हा टोपलीत जाई. आरपार पिवळा उजेड दिसला तर ते बाजूला पडे. पुढे सेमिनरीत असताना आवारातील कोंबड्यांची देखभाल दोन वर्षे माझ्याकडे होती. अंडी उबवण्याच्या यंत्राचा पारा साडेसदतीस अंश सेल्सियसच्या आसपास राखावा लागतो आणि अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, नाहीतर आतला गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो, हे मी तेथे शिकलो. कोंबडी हे सारे कुणी न शिकवता करते. तेव्हापासून अंड्यावर बसलेल्या पक्ष्याविषयी माझ्या मनात आदर आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका घरभेटीत मी एका सुखवस्तू कुटुंबात गेलो होतो. गॅलरीत पिंजरा होता, पिंजऱ्याला मातीचे मडके टांगलेले होते. एक पक्षी हिरवा, एक निळा. घरातला नववीत शिकणारा नातू त्यांची काळजी घेई. मडक्यात नऊ अंडी होती आणि महिना उलटून गेला तरी एकही फुटले नव्हते. मुलगा हिरमुसला होता. आजी खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, “फादर, ती निळी मादीच वांझोटी आहे. किती वेळा सांगितले याला, दुकानात देऊन ये आणि दुसरी आण.”

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची धाकटी सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि त्यांना मूल नव्हते, हे मला ठाऊक होते. आजींनी ते वाक्य सुनेला उद्देशून म्हटले असेल असे मला वाटत नाही. तशा त्या मनाने कठोर नाहीत. परंतु काही शब्द असे असतात की ते कुणाला उद्देशून उच्चारले, यापेक्षा ते कुणाच्या कानी पडले, यालाच महत्त्व असते. ट्रेमधल्या कपबश्या किंचित वाजल्या. कुणी काही बोलले नाही.

मी मुलाला म्हटले, “चल, आधी तुझे पक्षी नीट पाहू.”

बजरीगरच्या चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती मऊ कातडीची एक पट्टी असते. प्रौढ नराची पट्टी सहसा निळी असते. अंडी घालण्याच्या काळात मादीची पट्टी तपकिरी आणि खरखरीत होते. (पांढऱ्या आणि पिवळ्या जातींत नराची पट्टी गुलाबी-जांभळी राहते, त्यामुळे तेथे फसगत होते.) मुलाने पक्षी हळूच एकेक करून हातात धरले. निळ्याची पट्टी तपकिरी होती. हिरव्याचीही तपकिरीच होती. त्या पिंजऱ्यात नर नव्हताच! दोन माद्या एकमेकींच्या आधाराने राहत होत्या आणि दोघीही एकाच मडक्यात अंडी घालीत होत्या. एका मादीच्या खेपेत सहसा चार ते सहा अंडी असतात. नऊ अंडी हीच त्याची खूण होती. पक्ष्याच्या मादीला अंडे घालण्यासाठी नराची गरज नसते. बाजारात मिळणारी अंडी देणाऱ्या कोंबड्यांनी बहुधा कोंबडा पाहिलेलाही नसतो. मात्र अंड्यात जीव यायचा तर कवच चढण्यापूर्वीच नराचे बीज आत पोचलेले असावे लागते.

आजी काही वेळ पिंजऱ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या बिचारीला मी उगीचच बोलले.” सून चहा ठेवून आत गेली होती. आजींचे वाक्य तिने ऐकले की नाही, हे मला कळले नाही.

त्या दिवसानंतर या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले की न फुटलेल्या अंड्याला ‘वांझ’ ठरवण्याची घाई आपल्याच घरात होते असे नाही. पक्षी पाळणारे जाणकारही आणि कधी कधी अभ्यासकही तीच घाई करीत आले आहेत. अंडे उजेडासमोर धरले, शिरा दिसल्या नाहीत, की ते ‘अफलित’ म्हणून बाजूला काढायचे, ही रीत. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात टिम बर्कहेड, निकोला हेमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी टाकून दिलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. बलकाभोवती एक पातळ पापुद्रा असतो. शुक्रजंतू त्यातून आत शिरताना बारीक छिद्रे पडतात, आणि काही शुक्रजंतू तेथेच अडकून राहतात. त्या खुणा आणि गर्भाच्या पहिल्यावहिल्या पेशी शोधल्यावर असे दिसून आले की डोळ्यांना कोरी वाटलेली पुष्कळ अंडी फलित होती. त्यांत जीव आला होता. पण पहिल्या काही दिवसांतच तो विझला होता. दुर्मीळ पक्ष्यांच्या अंड्यांविषयीचा त्यांचा असा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला.

या शोधाचे महत्त्व केवळ शास्त्रापुरते नाही. अंडे अफलित असेल तर जोडी बदलावी लागते. परंतु अंड्यात जीव येऊन विझला असेल, तर जोडी बदलून काहीच साधत नाही. मग प्रश्न निराळे विचारावे लागतात : त्या जिवाला काय कमी पडले? ऊब, चुना, हवा, की शांतता?

पहिली गोष्ट अन्नाची. बजरीगरला आपण वर्षभर राळे आणि बाजरी घालतो. त्याच्या मायदेशी मात्र पाऊस पडून गवताला कोवळे दाणे आले म्हणजेच तो घरटे करतो. म्हणजे त्याची वीण भरल्या ताटावर होते. नुसत्या सुक्या दाण्यावर पक्षी जगतो, परंतु त्यात चुना आणि अ जीवनसत्त्व फार कमी असते, आणि ही उणीव अंड्यात उतरते. कवचाचा चुना मादीच्या अन्नातून आणि हाडांतून येतो. नवलाची गोष्ट अशी की अंड्यातले पिल्लू आपल्या हाडांसाठी तोच चुना कवचातून परत घेते. ते घेता घेता कवच आतून झिजते आणि बाहेर पडण्याची वेळ येते तेव्हा फोडण्याजोगे होते. आईच्या हाडातून कवचात आणि कवचातून लेकराच्या हाडात, असा तो प्रवास आहे. ज्या मादीला चुनाच मिळाला नाही, तिचे कवच पातळ किंवा खडबडीत होते, तडकते. कधी अंडे पोटातच अडकून तिचा जीव जातो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर माकुलाचे पांढरे हाड, ज्याला समुद्रफेन म्हणतात, वाहून येते. ते स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून पिंजऱ्यात अडकवले तरी ही उणीव पुष्कळ भरून निघते. जोडीला पालेभाजी, किसलेले गाजर, अधूनमधून उकडलेले अंडे द्यावे.

दुसरी गोष्ट हवेची. अंड्याचे कवच आपल्याला भिंतीसारखे वाटते. प्रत्यक्षात ते हजारो सूक्ष्म छिद्रांची जाळी आहे. त्यातून प्राणवायू आत जातो, वाफ बाहेर पडते. उबवणीच्या काळात अंड्याचे वजन सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते आणि रुंद टोकाला एक हवेचा कप्पा तयार होतो. पिल्लू आपला पहिला श्वास त्या कप्प्यात घेते आणि मगच कवच टोचू लागते. हवा फार दमट असेल तर वाफ पुरेशी बाहेर पडत नाही, कप्पा लहान राहतो आणि पूर्ण वाढलेले पिल्लू उंबरठ्यावर येऊन गुदमरते. हवा फार कोरडी असेल तर आतला पापुद्रा कातड्यासारखा चिवट होतो आणि पिल्लाला तो भेदता येत नाही. आपल्या किनारपट्टीच्या भर पावसाळ्यात, बंद खोलीच्या कोपऱ्यात जोडी बसवू नये, ती यासाठी. मळलेल्या अंड्याला पाण्याने धुण्याची हौसही पुष्कळांना असते. धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि त्याच छिद्रांतून रोगजंतू आत शिरतात. अंडे धुण्यापेक्षा मडक्यातला भुसा कोरडा आणि स्वच्छ ठेवावा.

तिसरी गोष्ट शांततेची. बजरीगरची मादी सुमारे अठरा दिवस अंड्यांवर बसते. नर तिला बाहेरून भरवतो. या दिवसांत घरातली मुले दर तासाला मडक्यात डोकावतात, मोबाइलच्या उजेडात पाहुण्यांना अंडी दाखवतात. रात्री मांजर पिंजऱ्यावर झेपावते किंवा शेजारच्या लग्नाच्या वरातीत फटाके फुटतात; घाबरलेली मादी उडून बाहेर येते आणि अंधारात तिला मडक्याचे तोंड सापडत नाही. तिच्या पोटाखालची ऊब गेली की अंडी हळूहळू गार पडतात. सकाळी ती पुन्हा जाऊन बसते, इमानाने पुढचे दिवसही बसून राहते. परंतु आतला दिवा विझलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, मादी बसते आहे तरी फळ का नाही? जवळ रात्रभर एक मंद दिवा ठेवला असता तर ती परत गेली असती.

चौथी गोष्ट नात्याची. एका मडक्यातली भावंडे तशीच एकत्र ठेवून त्यांचीच जोडी लावली, पुढे त्यांच्या पिल्लांचीही लावली, तर अंड्यांत मरणाऱ्या जिवांची संख्या वाढत जाते. न्यूझीलंडमधील काकापो हा न उडणारा मोठा पोपट याचे दुःखद उदाहरण आहे. १९९५ साली त्या जातीचे अवघे ५१ पक्षी उरले होते. माणसांनी जिवाचे रान करून त्यांची संख्या वाढवली; तरी त्यांच्या अंड्यांपैकी जवळजवळ निम्मी फुटत नाहीत, आणि मोजक्या पूर्वजांमुळे सारे एकमेकांचे जवळचे नातलग झाले, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते.

शेवटची गोष्ट घाईची. अठरा दिवस झाले, एकोणीस झाले, की पाळणारा अस्वस्थ होतो. कुणी अंडी काढून फेकतो. मग मादी लगेच दुसरी खेप घालते आणि तिचे शरीर आणखी झिजते. बजरीगर एक दिवसाआड अंडी घालतो, त्यामुळे पहिले आणि शेवटचे अंडे यांत आठ-दहा दिवसांचे अंतर सहज पडते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहिली तर घाई करण्याचे कारणच उरत नाही. कुणी टोचलेले अंडे पाहून मदतीला धावतो आणि नखाने कवच सोलतो. पण टोचण्यास आरंभ झाल्यावरही पिल्लाला बाहेर यायला कित्येक तास, कधी दिवसभरही लागतो. त्या वेळात उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जात असतो, कवचाच्या अस्तरातील रक्त त्याच्या अंगात परतत असते. ती क्रिया पुरी होण्याआधी कवच सोलले तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरते. प्रेमाने केलेली घाईसुद्धा घाईच असते.

या साऱ्यातून माझ्या ध्यानी एक गोष्ट आली. अंडे का फुटले नाही याचा शोध घेत गेले, की शेवटी दोषी पक्षी क्वचितच हाती लागतो. हाती लागतो तो बहुधा एखादा अभाव : चुन्याचा, कोरड्या भुशाचा, रात्रीच्या मंद दिव्याचा, धीराचा. आणि या बहुतेक गोष्टी पिंजऱ्याच्या आत नसून बाहेर, पाळणाऱ्याच्या हाती असतात. कधी कधी सारे काही यथासांग असूनही अंडे फुटत नाही. मोकळ्या रानातसुद्धा सर्वसाधारणपणे दहा अंड्यांमागे एखादे तसेच राहते. त्याचा दोष कुणाच्याही माथी मारता येत नाही, आणि मारण्याची गरजही नसते.

माणसाची तुलना पक्ष्याशी करू नये, हे मला समजते. स्त्री म्हणजे पिंजऱ्यातली मादी नव्हे आणि विवाह म्हणजे जोडी लावणे नव्हे. परंतु ‘वांझ’ हा शब्द आपण दोन्हीकडे सारख्याच बेफिकिरीने वापरतो, म्हणून मला हे लिहावेसे वाटले. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात साधारण सहा प्रौढ व्यक्तींमागे एकीला आयुष्यात केव्हा ना केव्हा मूल न होण्याच्या अडचणीला सामोरे जावे लागते. म्हणजे आपल्या मंदिरात रविवारी भरणाऱ्या प्रत्येक दोन बाकांत कुणीतरी हे दुःख घेऊन बसलेले असू शकते. याचे कारण पतीकडे असू शकते, पत्नीकडे असू शकते, दोघांकडे असू शकते. कधी ते सापडतही नाही. तरीही माझ्या आजवरच्या सेवेत मी पाहत आलो ते असे, की डॉक्टरांच्या पायऱ्या आधी सून चढते. सुया तिला टोचल्या जातात, उपवास ती धरते, नवस तिच्या नावाने बोलले जातात, बारशाच्या घरी तिला पुढे येऊ दिले जात नाही. पतीची तपासणी सर्वांत सोपी आणि कमी खर्चाची असते. ती सर्वांच्या शेवटी होते, कित्येकदा होतच नाही. ‘पिंजऱ्यात नर आहे का?’ हा पहिला प्रश्न जसा त्या घरात कुणी विचारला नव्हता, तसा हाही पुष्कळ घरांत विचारला जात नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्या आणि एलिझाबेथ यांची ओळख येते. त्यांना मूल नव्हते हे सांगण्याआधी लूक आवर्जून सांगतो की ती दोघे देवाच्या दृष्टीने नीतिमान होती. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण क्रम उलटा करतो. आधी पदर रिता आहे हे पाहतो, मग तिच्यातला दोष शोधू लागतो. एलिझाबेथने पुढे आपल्या अपमानाचा उल्लेख केला, तोही लोकांकडून होणारा अपमान म्हणून. देवाने तिचा अपमान कधी केलाच नव्हता.

वर सांगितलेल्या घरातील मुलगा आणि सून पुढे दोघे मिळून डॉक्टरांकडे गेले, एवढे मी सांगू शकतो. निदान काय झाले, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. आणि वाचकांनाही ते जाणून घेण्याची आवश्यकता नाही. दोघे मिळून गेले, हेच मला पुरेसे वाटते.

आपल्या घरी पिंजरा असेल आणि मडक्यात अंडी तशीच पडून राहिली असतील, तर मादीला दुकानात परत देण्यापूर्वी इतके करावे : जोडी खरोखर नर-मादीची आहे का ते पाहावे, त्यांचे वय वर्षभराचे तरी झाले आहे का ते विचारावे, समुद्रफेन टांगावे, भुसा बदलावा, पिंजरा मांजराच्या आणि माणसांच्या वाटेतून दूर, हवेशीर जागी न्यावा, अंड्यावर तारीख लिहावी आणि दिवस पुरे होऊ द्यावेत. एवढे करूनही काही निघाले नाही, तर अंडी काढून घ्यावीत, मडके उतरवावे आणि पक्ष्यांना काही महिने विश्रांती द्यावी. पिल्ले न देणारा पक्षीही सकाळी उन्हाची तिरीप आली की गातोच. तेवढ्यासाठीही त्याला घरात जागा असावी.